उगाळलेली राणी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

घर भरलं एकदाचं. माझी सून पुनम बाळंतपणाला माहेरी गडचिरोलीला गेली होती, ती भाऊबीज आटोपून काल परतली. अंकुश आता चवथ्या महिन्यात आहे. मांड्यांना वळ्या पडल्यात, आणि आवाज असा की गल्लीतल्या कोंबड्या पळतात. त्याची बहीण निशा पाच वर्षांची. ती दिवसभर त्याला हुंगत फिरते. माझा मुलगा रोशन दोन घटका थांबला आणि नाटक कंपनीची गाडी घेऊन वडशाला निघून गेला. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. होळीपर्यंत तो स्वतःच्या घरात पाहुणाच.

आज सकाळी सुगंधाबाईनं राणी काढली. (सुगंधाबाई म्हणजे माझी बायको. गाव तिला सुगंधाबाई म्हणतं, म्हणून वहीत मीही तसंच लिहितो.) देवघरातल्या डबीतून काढून धुतली, सहाणेवर थोडं दूध घेतलं आणि कडेनं हळूहळू वळसे दिले. दूध राखाडी झालं की म्हणायचं, राणी उतरली. मग त्यात हळकुंड, जायफळ, मुरडशेंग. बोटानं चाटवलं. अंकुशनं आधी तोंड वाकडं केलं, मग बोट सोडेना.

लोकांकडे घुटीत सोन्याची अंगठी उगाळतात, आमच्याकडे राणी. विलायतेच्या राणीचं तोंड असलेला हा बिल्ला, रुपयापेक्षा मोठा, वर दोरा ओवायला भोक. माझ्या आजोबांच्या आईपासून घरात आहे. नियमही तिचाच: पोराला रोज, पोरीला फक्त रविवारी. कारण आमच्या घराण्यात पोरी चिवट, पोरं टिकत नाहीत. ज्याची धास्ती जास्त त्याला राणी जास्त.

पुनम म्हणाली, "आई, दवाखान्याची आशाताई सांगून गेली ना, सहा महिने दुधाशिवाय काई द्याचं नाई."

"मंग मी का त्याले भाकर चारून राह्यली? हे काई खाणं होय का वं? हे तं राणी होय."

पुनम माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर जरा वर धरला.

या वर्षी एक मनावर घेतलं आहे. राणीचा इतिहास लिहून काढायचा. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण गावच्या वाचनालयाची किल्ली कितीतरी वर्षं माझ्या करदोट्याला आहे आणि कपाटातलं एकही पुस्तक मी सोडलेलं नाही. माझ्यामागे हे सांगणारं कोणी उरणार नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

धान कापून शेताच्या बांधीत पडला आहे. मजूर आज सावली गावच्या बाजाराला गेले, म्हणून हात रिकामा. आजीकडून ऐकलेलं जितकं आठवतं तितकं लिहितो.

आजीची सासू भागरथा. दुष्काळ पडला तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. धान करपला, मोहफुलं सरली, जंगलातले कंद सरले. बाप घरीच गेला. आई दोन लेकरं घेऊन आणि भागरथाला चालवत निघाली, सरकारनं उपाशी लोकांसाठी आवार घातलं होतं तिकडे. आई आवाराच्या फाटकापर्यंत पोचली, आत नाही. एक भाऊ वाटेतच राहिला. धाकटा भागरथाच्या कडेवर.

आत पातळ कण्या मिळायच्या. रोज सकाळी पोरं मोजायचे, कारण रोज कमी भरायची. एके दिवशी साहेब आला. सगळ्यांना रांगेत उभं केलं, गुळाचा खडा दिला आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला चकचकीत बिल्ला घातला. दुभाष्यानं सांगितलं, ही राणी तुमची माय होय. तुमच्या मायबापाले देव घेऊन गेला, हे नाई जाणार.

धाकट्याला दात येत होते. तो बिल्ला चोखत राहायचा. आजी सांगायची, भागरथा म्हणे की माझा भाऊ मेला, पण शेवटी भुकेनं रडला नाही. राणी तोंडात धरली की गप्प पडून राहायचा. म्हणून ती राणीला मानायची. पुढे तिचं लग्न झालं, लेकरं झाली, तेव्हा तिनं त्यांना राणी उगाळून दिली.

लिहिताना डोळे भरून आले. तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

२० नोव्हेंबर, बुधवार

आज मतदान. शाळेत रांग. घरी येऊन बोट दाखवलं तर सुगंधाबाई म्हणते, "दावून राह्यले जसं काई सरकार तुमच्याच बोटावर नाचते. त्याच बोटानं लेकराचं पोट चोळा जरा."

अंकुशला चार दिवस शी झाली नाही. पोट दगडासारखं. पाय पोटाशी घेऊन कळवळतो. एरंडेल लावलं, हिंगाचा लेप केला. सुगंधाबाईनं राणीचे दोन वळसे वाढवले. पुनम पाळण्याकडे पाठ करून बसली होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

राणीला रुमालात बांधून ब्रह्मपुरीला जाऊन आलो. तिथे कॉलेजात शिकवणारे अतुल सर आहेत. त्यांना जुन्या नाण्यांचा आणि बिल्ल्यांचा नाद. माणूस लाख. चहा दिला, पंखा लावला आणि भिंग घेऊन बसले.

म्हणाले, "काका, ही खरी आहे. १८३७ ते १८९७ लिहिलंय. राणी गादीवर बसून साठ वर्षं झाली त्याचा सोहळा. आणि त्याच साली आपल्याकडे दुष्काळ. असे बिल्ले शाळेतल्या पोरांना वाटायचे हे माहीत होतं. उपाशी पोरांच्या गळ्यात घातल्याचं पहिल्यांदा ऐकतोय."

मी फुगलो. म्हटलं, "आमच्या घरी जपून ठेवली जी. चांदीची चीज."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि राणीची कडा त्यावर ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली.

"चांदी अशी उमटत नाही, काका. हा पांढरा धातू. कथील आणि शिसं, आणि हिच्यात शिसंच जास्त दिसतं. स्वस्तात पाडायचे, पोत्यानं पाठवायचे. पण वाईट नका वाटून घेऊ. तुमची हकीकत जोडली तर शौकीन लोक हिला डोक्यावर घेतील." मग राणी फिरवून बघत म्हणाले, "एका बाजूनं अशी झिजली कशानं? अर्धी कडा खाल्ल्यासारखी आहे."

"देवघरात असते," मी म्हटलं. "हात लागतो."

खरं सांगायची लाज वाटली. शिकला-सवरला माणूस. आमच्या घुटीला हसला असता.

परतताना बसमध्ये राणी खिशात जड लागत होती. साठ वर्षं राज्य केलं आणि मेलेल्यांच्या लेकरांना देताना चांदीसुद्धा खरी दिली नाही.

सुगंधाबाईला हे सांगायचं नाही असं ठरवलं आहे. सून म्हणून आली त्या दिवशी माझ्या आईनं तिच्या हातावर राणी ठेवली होती, तेव्हापासून ती तिला चांदी समजून दर सणाला चिंचेनं घासते. या वयात तिचं मन मोडून मला काय मिळणार? दारातच तिनं विचारलं, "का म्हणले सर?" मी म्हटलं, "खरी हाय म्हणले." ती इतकी हरखली की मला बरंच वाटलं.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी जमीन हलली. मी मळणीच्या तयारीत होतो. भांडी खणखणली, गोठ्यातली म्हैस ओरडली. सुगंधाबाई अंकुशला उचलून अंगणात आली, निशा मागून रडत. दोन-चार क्षणांत सगळं शांत. दिवसभर गावात हाच विषय.

अंगणात उजेडात अंकुशला पाहिलं आणि चरकलो. घरातल्या अंधारात कळत नव्हतं. पिवळा नाही, पांढराही नाही, राखेसारखा दिसतो. मांड्यांच्या वळ्या गेल्या.

दुपारी आशाताई रीना आली. वजन केलं. मागल्या महिन्यापेक्षा उतरलं होतं. तिनं विचारलं, "आई, वरचं काई देऊन राह्यल्या का याले?"

"दूधच पेते वं," सुगंधाबाई म्हणाली. तिच्या मनानं ती खोटं बोलली नाही.

पुनमनं तोंड उघडलं होतं. सासूनं तिच्याकडे बघितलं आणि तिनं पदर तोंडाशी नेला. रीना म्हणाली, रक्त तपासू, आपल्या भागात सिकलसेल लई हाय.

१६ डिसेंबर, सोमवार

सिकलसेल नाही! डोक्यावरचा डोंगर उतरला. सुगंधाबाईनं गावदेवीला नारळ फोडला. मग त्याला झालं काय हे मात्र कोणी सांगत नाही. गोळ्या-थेंब दिलेत, रक्त वाढायचे.

पुनमच्या भावाचं लग्न आहे. ती दोन्ही लेकरं घेऊन उद्या माहेरी जाते. सुगंधाबाईला राणी सोबत द्यायची नव्हती. राणीनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही असं माझी आई म्हणायची. (मी ब्रह्मपुरीला नेली, ते वेगळं.) पुनम म्हणाली, "राहू द्या आई. लगनाच्या गडबडीत हरपली गिरपली तं?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

५ जानेवारी २०२५, रविवार

रोशनच्या गाडीनं गडचिरोलीला जाऊन आलो. अंकुशला पाहून विश्वास बसेना. रंग आला आहे. माझी मिशी धरून ओढली. पालथा पडतो, मान वर करून निशाला शोधतो. पुनमच्या आईनं टोमणा मारलाच, "आमच्या इथचं पाणी मानवलं त्याले, व्याहीबुवा. तुमच्या घरी का खारं हाय का?"

परत येताना हेच मनात घोळत होतं, म्हणून आज घराण्याचं लिहितो. माझ्या आईला नऊ झाली. तिघी बहिणी, तिघी अजून ठणठणीत. आम्ही भाऊ सहा. चौघं पाळण्यातच गेले. बिरजू वाढला, पण भोळा. मिसरूड फुटलं तरी शर्टाचं बटण त्याला लावता यायचं नाही, झटके यायचे, शेवटी तलावात गेला. उरलो मी. गंमत म्हणजे मी जन्मलो त्या वर्षी राणी हरवली होती. मी चालायला लागल्यावर धानाच्या ढोलीत सापडली. राणीशिवाय वाढलो म्हणून आईला माझीच सगळ्यात जास्त धास्ती.

आमचे पहिले दोन गेले. रोशन झाला तेव्हा नजर चुकवायची म्हणून सुगंधाबाईच्या भावानं त्याला मूठभर कोंड्यात विकत घेतला, तसा रिवाज आहे, आणि दीड वर्ष आपल्याच घरी वाढवला.

हे सगळं एका खाली एक लिहिलं तेव्हा वाटलं, आमच्या घरची पोरं बाहेर राहिली की वाचतात. पुनमची आई बोलली त्यात तथ्य असेल. आमची विहीर जुनी आहे. पाणी तपासून घ्यायला हवं. हंगाम संपला की रोशनला सांगतो.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीला पुनम परत आली. येताना पाय ओढत आली, पण सण आहे, सासर आहे. अंकुशला हलव्याच्या दागिन्यांनी मढवला, बोरनहाण केलं. राजबिंडा दिसत होता. निशानं सगळी बोरं वेचून खाल्ली.

सुगंधाबाई म्हणाली, "महिनाभर अंतर पडलं. आता दोन टाइम देतो राणी."

मी खाटेवर तिळगूळ खात होतो. मनात एकदा आलं की हिला सांगावं, अवो ते काही चांदी नव्हे, एवढं कौतुक नको. पण तिच्या तोंडावरचा आनंद पाहून गप्प बसलो.

३० जानेवारी, गुरुवार

पुन्हा तेच. पोट, रडणं, ती राखेची कळा. ओकतो. निशाला ओळखून हसायचा, तो आता हसत नाही. पाणी उकळून द्यायला सुरुवात केली आहे. पुनम माझ्याशी बोलत नाही. मी काय केलं म्हणा.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवताना पुनम ओरडली. अंकुशचे डोळे वर, मुठी आवळलेल्या, अंग लाकडासारखं. बिरजूला अगदी असंच व्हायचं. थांबलं, पुन्हा आलं. रोशन वडशाला होता. गावातल्या दसरूची जीप मिळाली. वैनगंगेच्या पुलावर तिसरा झटका आला. सुगंधाबाई जीपमध्ये राणी मुठीत धरून बसली होती. तिनं ती अंकुशच्या कपाळाला लावली, ओठाला लावली.

गडचिरोलीच्या दवाखान्यात नळ्या लावून ठेवलं आहे. पुनम आत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहितो. नाही लिहिलं तर उद्या मीच मला दुसरं काही सांगेन.

रक्त नागपूरला पाठवलं होतं, त्याचं आज आलं. तरुण डॉक्टरीणबाई आहे. आम्हा दोघांना बाकावरून उठवून खोलीत बसवलं.

"आजी, घरी मासे धरायचं जाळं आहे? त्याला शिशाच्या गोळ्या असतात. बाळ खेळतं का त्याच्याशी?"

"आमी शेतकरी वो बाई. जाळं नाई."

"जुन्या बॅटऱ्या फोडता का? भिंतीचा रंग चाटतो? वैदूचं भस्म, पुडी?"

"काई नाई. लेकरू निस्त्या दुधावर हाय."

"याच्या रक्तात शिसं आहे. खूप जास्त. मेंदूला सूज आली आहे. ते कुठून येतंय हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही."

शिसं. माझ्या डोळ्यांपुढे अतुल सरांचा कोरा कागद आला आणि त्यावरची ती रेघ. घर, विहीर, पाणी, सगळं डोक्यातून गेलं. सहाण दिसली. राखाडी दूध दिसलं.

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरी एक बिल्ला हाय. आमी तो उगाळून देतो."

"रोज?"

"रोज. संक्रांतीपासून दोन टाइम."

सुगंधाबाई हसली, म्हणजे तसं तिचं तोंड झालं. "अवो, ते तं चांदी होय. चांदीनं का होते?"

"चांदी नोहे ते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईनं हात पुढे केला. सुगंधाबाईच्या कमरेच्या पिशवीतच होती. तिनं काढून दिली. डॉक्टरीणबाईनं हातमोजा घालून घेतली. हातमोजा घातला ते सुगंधाबाई बघत राहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अंकुशला नागपूरला हलवलं. रक्तातलं शिसं ओढून काढायचं औषध तिथेच मिळतं. पुनम आणि रोशन तिकडे. मी चार दिवस राहून आलो. झटके थांबलेत. डोळे उघडतो. पुनमनं घंटी वाजवली, चमचा वाजवला, तो छताकडे बघत होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, जीव वाचला असं समजा. मेंदूचं आत्ता सांगता येत नाही. बसेल, चालेल, बोलेल, काहीच खात्री देत नाही. निशाच्याही रक्तात निघालं, पण थोडं.

पोरीला फक्त रविवारी.

पुनम मला एवढंच म्हणाली, "बाबा, मी पयल्या दिवशी तुमच्याकडं पाह्यलं होतं."

मी हो म्हटलं.

"तुमी पेपर वाचत होते."

रोशन खाली मान घालून उभा होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अतुल सरांचा फोन आला. त्यांनी राणीची हकीकत नागपुरातल्या कोण्या शौकीन माणसाला सांगितली, तो फार उत्सुक आहे म्हणे. "काका, मेडल नीट ठेवा. आता अजिबात घासू नका, झिजू देऊ नका."

मी सांगितलं, दवाखान्यानं तपासायला घेतली आहे. ते म्हणाले, दवाखान्यानं? मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही तेव्हा मला का नाही सांगितलं, काका?" मी फोन ठेवून दिला.

सारखं मोजतो आहे. आईची चार, बिरजू पाचवा. आमची दोन. भागरथाची किती ते कोणाला माहीत? आणि तो पहिला, दात येणारा, तिच्या कडेवरचा. उपासानंच मेला असेल तो. नाहीतर नसेल. मी राणीचा इतिहास शोधत ब्रह्मपुरीला गेलो होतो. तो इतिहास इथेच नाल्याकाठी पुरलेला होता. लहान लेकरं तिथेच पुरतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सुगंधाबाईनं विचारलं. तांदूळ निवडत होती. सूप हलायचं थांबलं नाही.

"चांदी नाई हे तुमाले कसं मालूम?"

"अतुल सरनं सांगतलं."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस ती स्वतःला खाते आहे. जेवत नाही. आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवून बघत बसते. म्हटलं, हे तिचं एकटीचं नाही, हे तिला कळायला हवं.

"मतदान झालं, त्या हप्त्यात."

सूप थांबलं.

"म्हंजे संक्रांतीच्या आंधी."

"हो."

"मी म्हटलं दोन टाइम देतो, तवा तुमी खाटेवर बसून तिळगूळ खाऊन राह्यले होते."

"हो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटन म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नापासून मी तिचे सगळे राग पाहिले आहेत. हा त्यातला नव्हता. ती तांदूळ तसेच ठेवून उठली आणि गोठ्यात गेली. संध्याकाळी तिनं माझं ताट वाढलं. रोज बाजूला बसते, आज बसली नाही.

२ मार्च, रविवार

रोशनचा फोन. अंकुशनं आज पुनमचं बोट पकडलं. आवाजाला अजून वळत नाही.

आशाताई रीना आली होती. म्हणाली, गावात बैठक लावू, घुटीबद्दल मीच समजावून सांगतो, तुमचं नाव घेत नाई. सुगंधाबाई म्हणाली, "राणी मी गावात तीन घरी उगाळून देल्ली हाय. माया हातानं देल्ली, माया तोंडानं सांगीन."

हे मला आजच कळलं. शेजारणी वाटी घेऊन यायच्या, ती द्यायची. पुण्याचं काम म्हणून.

दहाच्या सुमारास निघाली. मला चला म्हणाली नाही. मी मागून निघालो. तिनं वळून पाहिलं नाही, पण फाटक उघडं ठेवलं.

पहिलं घर सुकरीचं. तिचा नातू अंगणात रांगत होता, धडधाकट. सुगंधाबाईनं उभ्यानंच सांगितलं. सुकरी आधी हसली, "अवो बाई, आमच्याले तं काई नाई झालं, दोनदाच तं देल्ली." मग अंकुशचं ऐकलं आणि नातवाला झटकन उचलून घरात घेऊन गेली. दार लावलं. आतून म्हणाली, "पुन्हा माया अंगणात येऊ नोको."

दुसऱ्या घरी म्हातारी ऐकेचना. म्हणे, पन्नास वर्षं गाव घुटी चाटून राह्यलं, डाक्टर लोकायले कामधंदा नाई. सुगंधाबाई तिच्यापुढे बसली आणि हात जोडून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हातारी रडायला लागली. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

तिसरं घर मंगरूचं, गावाच्या टोकाला. दोन वर्षांमागं त्याचं पहिलं पोरगं गेलं, पाच महिन्यांचं. झटके येऊन. तेव्हा सगळ्या गावानं म्हटलं, बाहेरचं काही लागलं. मंगरूनं बायकोला, दिव्यानीला, घेऊन किती देव केले. तिच्या माहेरच्या लोकांशी भांडण झालं, करणी केली म्हणून. अजून बोलत नाहीत. आता दिव्यानीला पुन्हा सातवा महिना आहे. ती अंगणात वाळवणाला सांडगे घालत होती. सुगंधाबाईला बघून तिनं तोंडभर हसून हात हलवला. "या ना वो मावशी! तुमच्याकडंच येणार होती मी."

सुगंधाबाई कुपाटीपाशी, अंगणाच्या कुंपणाशी, थांबली. एक पाय पुढे गेला आणि मागे आला. तिनं कुपाटीची काठी धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"मले नाई होत जी."

मी तिच्या बाजूनं पुढे झालो. दिव्यानीचं हसू अजून तसंच होतं. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि आवाज दिला, "मंगरू, घरी हाय का रे? बाहेर ये. तुमा दोघायले एक सांगाचं हाय."